हरेशचे चार पुठ्ठे

वाळवीवाला दहाला येणार म्हणून मी आठलाच भिंतीवरच्या मातीच्या नळ्या खरवडल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि वर चुन्याचा एक हात मारला. परका माणूस घरात येणार, त्याला घाण दिसायला नको, असं आमच्याकडचं वळण.

हरेश कोळी आला, पंप खाली ठेवला आणि नुसता भिंतीकडे बघत राहिला.

"नळ्या कोनी काडल्या?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"शिकलेला हाय का?"

"बी.कॉम. झालाय," आई म्हणाली.

"मंग बरोबर."

वाळवी कुठून वर चढते ते त्या नळ्यांवरूनच कळतं. मी चोराची पावलं पुसून हवालदाराला चहा विचारत होतो.

हरेश उरणकडचा. बाप होडीवर, हा न्हावा शेवा बंदरात कंटेनरमधल्या लाकडाची कीड मारायला, नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. २०१२च्या जानेवारीत नोकरी सोडून त्यानं जुनी स्कूटर आणि एक पंप घेतला. विचुंब्यातलं आमचं तळमजल्याचं घर हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथकाका त्याला बजावून गेले होते, "इथली वाळवी महिनाभरात परत दिसली नाही, तर बाकीची तेवीस घरं तुझी. दिसली, तर दुसरा माणूस बघेन."

त्या दिवशी त्यानं औषध मारलंच नाही. पुठ्ठा भिजवून चार तुकडे केले, चार भिंतींच्या कडेला ठेवले आणि प्रत्येकावर एकेक वीट दाबली.

"आठ दिस कोनी हात लावायचा नाय. ह्यानं तर नायच."

काका रोज डोकावत. "औषध मारायला बोलावलाय की रद्दी वाटायला?" तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्याचा नंबरच घेऊन आले. मी हरेशला फोन लावून काकांकडे दिला.

"काका, ठिकान समजल्याबिगर औषद शिंपडलं, तर ती मरत नाय. शेजारी ऱ्हायला जाते."

शेजारी म्हणजे काकाच. त्यांनी नंबर खिशात घातला.

आठव्या दिवशी तीन पुठ्ठ्यांखाली काही नव्हतं. चौथा, स्वयंपाकाच्या ओट्याखालचा, उचलला तर नुसती पांढरी वळवळ.

"शेतावर भराव टाकून बिल्डिंग बांदली, झाडांची खोडं खालीच ठेवली," हरेश म्हणाला. "ती बिचारी कुटं जानार?"

ओट्याखाली सहा भोकं पाडून त्यानं सावकाश औषध सोडलं. चहा घेतला नाही. औषधाच्या हातांनी तो काही खातपीत नसे. "भोकं वाळू द्या, परवा सफेद सिमेंट भरतो."

महिनाभर काका बॅटरी घेऊन आमच्या ओट्याखाली वाकत होते. काही सापडलं नाही. तेवीस घरं हरेशला मिळाली.

आता जिन्यात रोज त्याचं ड्रिल ऐकू येतं. आई दारातून विचारते, "हरेश, आमची भोकं?"

"उद्या नक्की, काकी."

दिवाळी येऊन गेली. परवा मीच कागदाचे बोळे करून ती बुजवायला बसलो होतो. आईनं माझा हात धरला.

"वाळवीला जेवायला वाढतोस का? त्याचं काम आहे, तोच करील."