टाकते, पण पळत नाही

माझ्याबद्दल वाद घालायला लोकांना माझी गरज कधीच लागली नाही. वळ गावात आमच्या गोदामाच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. सकाळी तिथे ड्रायव्हर, हमाल आणि माझे काका बसले की पहिल्या कपाला राजकारण आणि दुसऱ्या कपाला मी. शाळांच्या स्पर्धेत मी सगळ्यांत जास्त बास्केट टाकले, पेपरात कोपऱ्यात फोटो आला आणि तेव्हापासून मी गावाची मालमत्ता झाले. भाव ज्याने त्याने आपापला ठरवावा.

मी टाकते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण पुढे सुरू व्हायचं.

"बिटिया का निशाना पक्का है," आमच्याकडचे जुने हमाल चाचा म्हणायचे, "मगर वापस नहीं आती. डालके उधर ही खड़ी रहती है."

"दमतं पोर," काका म्हणायचे. "खानं बग तिचं. पलायचा म्हनलं का जीव जातं."

मग कुणीतरी म्हणणार, पळाली नाही तर काय बिघडलं, टाकते ना? त्यावर दुसरा म्हणणार, तिच्या पाठीमागे समोरच्यांनीही टाकला तर? आणि शेवटी काकांचा ठरलेला सवाल. "आन् टाकून टाकून गावनार काय तिला?" मग सगळे बाबांकडे बघायचे. बाबा चहा संपवायचे, कप ठेवायचे आणि गेटातून आत जायचे. मी बाजूने दप्तर घेऊन जात असले तरी कुणी आवाज कमी करत नसे. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग यायचा आणि बाबांचा सगळ्यांत जास्त, कारण निदान त्यांनी तरी काहीतरी बोलावं असं मला वाटायचं.

मी जाड आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. आमच्या घरातल्या सगळ्या बायका अशाच आहेत, रुंद खांद्यांच्या आणि भरल्या हातापायांच्या. माझ्या आत्या भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालायच्या, तेव्हा त्यांना कुणी फिटनेस विचारला नाही. मी चड्डी घालून बॉल हातात घेतला आणि लगेच सगळ्या जगाला माझ्या पोटाची काळजी लागली. तळलेला बोंबील सोड, भात सोड. मी काहीही सोडलं नाही.

खेळ मी शिकले कामतघरच्या शाळेत, पण हात बसला तो आमच्या आवारात. शाळेच्या मैदानावर एकच रिंग शाबूत होती. घरी बाबांनी गोदामाच्या भिंतीवर, शटरच्या वर, लोखंडी रिंग वेल्ड करून दिली होती. ती का दिली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवसभर ट्रक आत येत, माल उतरवून बाहेर जात आणि मधल्या मोकळ्या तुकड्यावर मी बॉल टाकत राहायची. लहानपणापासून तेच माझं अंगण होतं.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी आली. ठाण्याच्या एका मैदानावर दोन दिवस मॅच खेळवून नावं ठरणार होती. मला ते नाव हवं होतं. टपरीवरच्या लोकांच्या तोंडावर फेकायला हवं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी मी मनसोक्त टाकले. मॅच संपल्यावर नळावर पाणी पीत होते, तर शेजारच्या मांडवात निवड समितीचे दोन सर आणि एक मॅडम बोलत होते. त्यांचीही टपरीच, फक्त खुर्च्या चांगल्या.

"स्कोअरिंगला तोड नाही," एक सर म्हणाले.

"पण फिटनेस?" दुसरे सर म्हणाले. "बास्केट झाला की पुतळ्यासारखी उभी. अर्ध्या कोर्टाची खेळाडू आहे. ती दोन मिळवणार आणि तिच्यामुळे चार जाणार. संघाला परवडणार नाही."

"वजन बघा ना," पहिले सर म्हणाले.

मी तोंड पुसलं आणि सरळ मांडवात गेले. "सर, मला पळवून बघा," मी म्हटलं. "बॉल देऊ नका. नुसतं पळवा."

सरांना ते आवडलं नाही. मॅडमना आवडलं असावं. त्यांनी मला आणि आणखी काही मुलींना एका रेषेवर उभं केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं. शिट्टी वाजली की वळायचं आणि परत. सडपातळ मुली एकेक करून कमरेवर हात ठेवून बाजूला झाल्या. मी पळत राहिले. रागावर माणूस किती पळू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मॅडमनीच हात वर केला.

"दम तर आहे तुझ्यात," त्या म्हणाल्या. "मग मॅचमध्ये थांबतेस का गं?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"उद्या थांबलीस तर नाव विसर," दुसरे सर म्हणाले.

घरी आले ती धुसफुसतच. उजेड होता तोवर आवारात गेले आणि बॉल टाकायला लागले. तेवढ्यात एक मोठा ट्रेलर रिव्हर्स घेत आत यायला लागला. क्लीनर मागच्या फळीवर थाप मारत ओरडत होता, "आने दो, आने दो." मी बॉल टाकला. तो रिंगमधून खाली पडला आणि मी होते तिथेच थांबले. मान मागे वळवली, ट्रेलरचा आरसा शोधला. आरशातून ड्रायव्हरने मला बघितलं आणि हात वर केला.

मी मॅचमध्ये हेच करत होते.

आमच्या आवाराचा एक नियम आहे. मला चालता येऊ लागलं तेव्हापासून बाबांनी तो माझ्या कानात ओतला होता. गाडी मागं येतं तवा पलायचा न्हाय. हाय तिथं हुबं ऱ्हायचं. डायवरच्या आरशात दिसलं पायजे. बास्केट टाकायचा, थांबायचं, मागे बघायचं, मग हलायचं. तो माझा खेळच झाला होता. कोर्टावर पाठीमागे पायांचा धडधडाट झाला की मी क्षणभर उभी राहायची, नसलेला आरसा शोधायची. तेवढ्यात समोरच्या मुली पार निघून जायच्या. आणि जमाना माझ्या पोटाकडे बघत होता.

मी तशीच घरात गेले. बाबा भाकरी खात होते.

"लोका मना आलशी बोलतान," मी म्हटलं. "दमते बोलतान. मी दमत न्हाय. ही सवय तू लावलीस मना."

सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. हात धुऊन बाहेर गेले आणि बराच वेळ रिकाम्या आवारात उभे राहिले. मला वाटलं, झालं, नेहमीसारखंच.

सकाळी मी शूज बांधत होते, तर बाबा पांढरा शर्ट घालून गाडी काढून तयार. माझ्या एकाही मॅचला ते कधी आले नव्हते. मैदानात शिरले ते थेट समितीच्या मांडवात.

"पालकांनी बाहेर थांबायचं," सर म्हणाले.

"मी बापूस तिचा," बाबा म्हणाले आणि थांबले नाहीत. "तुमी बोललात, पोर दमतं. ती दमत न्हाय. मी थांबवलाय तिला. आमच्या दारान गाड्या मागं येतान. ही रांगत होती तवा एक हमाल गाडी बगून पलला. चाकाखाली गेला. मी काडला त्याला, या हातान. जो पलला तो गेला. म्हनून हिला हुबं ऱ्हायला शिकवला, आन् बरोबर शिकवला. हुबी ऱ्हायली म्हनून हाय तुमच्यासमोर."

मला त्या माणसाबद्दल कधीच कुणी सांगितलं नव्हतं. सर हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली, पण बाबा बसले नाहीत. ते कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला, आम्हाला राखायच्या रिंगखाली, रेषेबाहेर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले,

"पल तू. मागचा मी बगतो."

शिट्टी वाजली. पहिला बास्केट टाकला आणि मी मान न वळवता मागे पळत सुटले.