उडे तो पक्षी

सोमवारी दुसऱ्या तासाला वर्गाच्या छतातून वटवाघूळ खाली पडलं. त्याच्या छातीला पिल्लू होतं. पिल्लू दूध पीत होतं. अप्पांनी पुस्तक मिटलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत ते मास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात, मुलींच्या ओळीत बसत असे. रस्त्यात मुंगळा दिसला तरी धोतर सावरून ते उकिडवे बसायचे. "आधी बघ, मग गट पाड," म्हणायचे. "पाय किती? अंगावर पीस की केस? पिलू कसं वाढवतं?" गिरणीचा भोंगा होऊन जायचा, आम्ही तिथंच.

वस्तीतली मुलं घरी तेलुगू बोलत. मराठी धडा त्यांच्या डोक्यात राहीना, म्हणून अप्पांनी एक गाणं रचलं होतं. उडे तो पक्षी, पोहे तो मासा, चाले तो पशू, सरपटे तो साप. मुलं हात फडफडवून म्हणत आणि घरी जाऊन धाकट्यांना शिकवत. बायकाही मागासाठी सुताच्या कांड्या भरताना ते गुणगुणत. "माझं गाणं मागावर चढलं गं," अप्पा आईला सांगायचे. या गाण्याप्रमाणे वटवाघूळ पहिल्या ओळीत, म्हणजे पक्ष्यांत येत होतं. ते त्यांनी कधी जवळून बघितलंच नव्हतं.

त्या सोमवारी मागच्या ओळीतून नागेश म्हणाला, "गुरुजी, पाखरू दूद कसं पाजतंय वो?"

वर्ग हसला. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात मायलेकरांना उचललं आणि अंगणातल्या चिंचेला लावून आले. टोपी तिथंच राहिली. बोडक्या डोक्यानं मास्तर वर्गात उभे, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. "मी चुकलो," ते म्हणाले. "न बघता शिकवलं."

मग रोज संध्याकाळी ते गाणं परत घ्यायला गल्लीत जाऊ लागले. मलाही न्यायचे. एकदा गल्लीतली नरसम्मा दारात सूत सोडवत होती. ती म्हणाली, "तुमीच शिकिवलं, आता तुमीच नको म्हणता व्हय? पोरं खेळायलीत, खेळू द्या की." आतून तिच्या नवऱ्यानं माग न थांबवता विचारलं, "वाघळाची जात बदलली काय वो, मास्तर?" सगळी हसली. अप्पा पुढच्या दाराकडे वळले.

त्यांनी नवं गाणं केलं. त्यात केस होते, दूध होतं, सगळं बरोबर होतं. मुलं दुसऱ्या ओळीत अडखळत आणि जुन्यावर येत. "खरं ते तालात बसेना गं," ते मला म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी हेडमास्तरांकडून गणित मागून घेतलं. गाणं ऐकू आलं की माझा हात धरून दुसऱ्या बोळात वळायचे.

"अप्पा, हा रस्ता लांबचा."

"असू दे. इकडून चल."

शेवटच्या आजारात त्यांना दुसऱ्या बोळात वळता येईना. खिडकीखाली मुलं गाणं म्हणत होती. आई दटावायला उठली, तर म्हणाले, "नको. त्यांची काय चूक?" आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याच आठवड्यात ते गेले. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मुलं खेळ थांबवून कडेला उभी राहिली. आम्ही घरात परतलो तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता.

आता त्या वर्गावर मी आहे. वटवाघळं छतात आहेत. मी मुलांना ती दाखवते, मुलं नीट बघतात. सुट्टी झाली की गल्लीत जाऊन तेच गाणं म्हणतात.