रूथला येणारा वास

आपण निघालो त्या सकाळी फाटकापाशी दोन गाड्या उभ्या होत्या. पुढच्या गाडीत तुम्ही चौघे, कॅनडाला जायला मुंबईच्या विमानतळाकडे निघालेले. मागच्या टेम्पोत माझं कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकांची खोकी, नगरकडे. साखर कारखान्याचा हंगाम भरात होता. भोंगा होऊन गेला होता आणि पाळीचे लोक सायकली, मोटारसायकली घेऊन फाटकावरून चालले होते. रूथ, तू मागच्या सीटवर नाकाला रुमाल लावून बसली होतीस. तुमच्या पप्पांच्या प्लँटवरचा ऑपरेटर नामदेव खिडकीशी वाकून म्हणाला, "आता तरी काढा की रुमाल, ताई. चालल्या ना तुमी." तू काढला नाहीस. तुझा भाऊ डॅनी हसला. पप्पा पुढे बसून समोर बघत राहिले. त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं नाही, म्हणून मीही पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तू अचानक विचारलंस, "आजी, मी तेव्हा रोज रडले नसते तर आपण तिथेच राहिलो असतो ना?" तेवढ्यात तुझ्या कॉलेजची बस आली आणि फोन बंद झाला. इतकी वर्षं ही गोष्ट तू कॅनडात मनात घेऊन हिंडते आहेस, हे मला माहीत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. प्रश्नाचं उत्तर क्रमाने दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हे लिहिते आहे. डॅनी, तूही वाच. तू लहान होतास.

सुरुवात माझ्यापासून करायला हवी. मी श्रीरामपूरची. लग्न होऊन कोपरगावच्या अलीकडे, या कारखान्याजवळ आले, कारण तुमचे आजोबा तिथे केमिस्ट होते. निघताना माझ्या आईने एवढंच सांगितलं होतं, "तिथल्या पाण्याला आणि वासाला नावं ठेवू नकोस." मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पण पहिला हंगाम सुरू झाला आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. उसाचा रस पांढरा करायला कारखान्यात गंधक जाळतात आणि त्याचा धूर रसातून सोडतात. त्यातला थोडा बाहेर निसटतोच. वाळत घातलेल्या कपड्यांना, उशांना, नाताळच्या करंज्यांनासुद्धा तो वास. आजोबा म्हणाले, दोन हंगामांत सवय होईल. झाली. मग मला तो वास कधीच आला नाही. आपण इथल्या झालो, याचा मला आनंद वाटला होता.

तुमचे पप्पा त्या हवेतच वाढले; बाहेरून परत आले तरी त्यांना तो वेगळा वास म्हणून कधी जाणवला नाही. शिकले, दोह्याला गेले. तिथे नैसर्गिक वायूपासून डिझेल करणाऱ्या प्लँटवर त्यांनी कॅटॅलिस्टचं, म्हणजे उत्प्रेरकाचं, काम केलं. तुम्ही दोघं तिथलेच. मग त्यांच्या मनाने घेतलं की हेच काम आपल्या गावी, उसाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून, बगॅसपासून, करायचं. पुण्याच्या एका कंपनीने भांडवल दिलं आणि कारखान्याच्या भिंतीला लागून छोटा प्लँट उभा राहिला.

त्या प्लँटची गोष्ट साधी आहे. बगॅस कमी हवेत तापवला की जळून राख न होता त्याचा वायू होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. हा वायू कोबाल्टच्या दाण्यांवरून, म्हणजे कॅटॅलिस्टवरून, नेला की त्याच्या साखळ्या जुळतात आणि मेण नि डिझेल तयार होतं. दाणे म्हणजे एसटी स्टँडवरचे बाक समजा. प्रवासी येतात, बसतात, गाडी आली की उठून जातात. बाक तिथेच राहतो, पुढच्यासाठी मोकळा. पण एखादा माणूस बाकावर आडवा होऊन झोपला आणि उठलाच नाही, तर? कोबाल्टच्या बाबतीत तो माणूस म्हणजे गंधक.

पहिली चाचणी उन्हाळ्यात झाली, कारखाना बंद असताना, साठवलेल्या बगॅसवर. पप्पांनी बाटली घरी आणली. आत पाण्यासारखं स्वच्छ डिझेल. नामदेवने बूच काढून हुंगलं. "ह्याला डिझेल म्हन्तात व्हय, साहेब? वासच न्हाई ह्याला." पप्पा इतके मोकळे हसलेले मी त्यानंतर पाहिले नाहीत. ती बाटली त्यांनी आजोबांच्या फोटोशेजारी ठेवली आणि तुम्हाला गावच्या शाळेत घातलं.

मग हंगाम सुरू झाला. आणि तू रडायला लागलीस. डोळे चुरचुरतात, घसा दुखतो, घाण वास येतो, मला दोह्याला जायचं आहे. मी तुला माझ्या आईचंच वाक्य ऐकवलं. मम्मीने नाकावर धरायला रुमाल दिला. नामदेव येता-जाता म्हणायचा, "बाई, तुमच्या नातीला लई वास येतो बरं का. आमाला का येत न्हाई?" सगळे हसायचे. तुझं नाव नाकवाली पडलं.

त्याच दिवसांत प्लँट मंदावला. वायू दाण्यांवरून जायचा आणि जसाच्या तसा बाहेर यायचा. पप्पांना वाटलं, ताजा बगॅस ओला आहे. तो वाळवला. मग वाटलं, दाण्यांचा मालच खराब. नवे दाणे मागवले, तेही थोड्याच दिवसांत मेले. पुण्याहून फोन वाढले. पप्पा जेवायला उशिरा येऊ लागले. मेलेले दाणे तपासायला पाठवले, तर अहवाल आला की त्यांच्यावर गंधक बसला आहे. पण बगॅस तपासला होता, त्यात गंधक नावाला होता, आणि तेवढा अडवायची सोय प्लँटमध्ये होती. मग हा आला कुठून?

त्या संध्याकाळी मी तुला पप्पांना जेवायला बोलवायला पाठवलं. ते तुझ्याबरोबर आले आणि मोरीत हात धुवायला लागले. तुझे डोळे लाल झाले होते. तू म्हणालीस, "पप्पांचं मशीन पण तोच वास आत ओढतंय."

पप्पांनी नळ बंद केला. "कोणता वास?"

घरात तो वास बोलून दाखवणारी तू एकटीच होतीस.

ते तुला परत घेऊन गेले, मीही मागे गेले. प्लँटला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीपलीकडे गंधकाची भट्टी. पप्पांनी तुला तिथे उभं केलं आणि विचारलं, इथे येतो का? तू नाक दाबून मान हलवलीस. ते स्वतः वाकले, लांब श्वास घेतला आणि गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काहीच येत नव्हतं. मलाही. नंतर धूर मोजणारा मीटर आणून लावला, तेव्हा त्याने तुझीच बाजू घेतली: हवेबरोबर भट्टीचा धूर आत, दाण्यांपर्यंत, जात होता.

कॉम्प्रेसरचं तोंड वळवणं हे एका पाइपचं काम होतं. पण गंधक बसलेले दाणे पुन्हा जागे होत नाहीत, आणि तिसऱ्यांदा दाणे घ्यायला पुण्याची कंपनी तयार झाली नाही; प्लँट बंद झाला. पप्पांनीही फार आग्रह धरला नाही. ओट्यावर बसून मला म्हणाले, "आई, दोह्यात असतो तर पहिल्या दिवशी आजूबाजूची हवा तपासली असती. इथे मला वाटलं, ही आपलीच हवा आहे."

तेव्हा रूथ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तू रडलीस म्हणून आपण निघालो नाही. आम्ही तुझं रडणं ऐकलं असतं, तर कदाचित राहिलो असतो. खात्रीने सांगता येणार नाही. प्लँट बंद पडायला इतरही कारणं निघाली असती. पण पहिल्याच आठवड्यात जे खरं होतं ते तू बोलत होतीस, आणि आम्ही तुला चांगलं वागायला शिकवत होतो.

यातली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. आजोबांना दर हंगामात खोकला यायचा आणि आम्ही त्याला थंडीचा खोकला म्हणायचो. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो. ते त्या भट्टीशेजारी उभे राहून काम करायचे. खोकला कशाचा होता हे आता कोणाला विचारणार? पण त्या संध्याकाळनंतर मी थंडी हा शब्द तितक्या सहज वापरू शकत नाही.

इथे नगरला माझं बरं चाललं आहे. लिफ्ट आहे, खाली मेडिकल आहे, चर्च रिक्षाने जवळ. कपड्यांना फक्त साबणाचा वास येतो. लोक मला विचारतात, घर कुठलं? मी अजून तिकडचंच नाव सांगते.

गेल्या महिन्यात घराची कौलं बघायला एसटीने गेले होते. हंगाम सुरू होता. नामदेव आता कारखान्यातच कामाला आहे. तो मला घ्यायला फाट्यावर आला होता. बसमधून उतरले, दोन पावलं चालले, आणि डोळ्यांत चटका बसला. मला थांबावं लागलं. पहिल्या हंगामातला तो वास, मधली सगळी वर्षं गायब असलेला, जसाच्या तसा समोर उभा होता.

नामदेव हसला. "बाई, तुमालाबी यायला लागला व्हय?"

मला हसू आलं नाही. मी पर्स उघडली आणि रुमाल काढला.