तांदळात पुरलेली बरणी

नव्या रायपुरातल्या फ्लॅटमध्ये आज आईची जुनी काचेची बरणी धुवायला घेतली. झाकणाचं रबर काढलं आणि मनुकांसारखा गोड, किंचित आंबूस वास आला. मी नळ बंद केला.

बाबा रेल्वेत होते आणि पाइप ओढायचे. पाइपची तंबाखू बरणीत बंद ठेवली की वर्षांनुवर्षं मुरते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "रायपूरच्या दोन उन्हाळ्यांत भुसा होते तिचा," त्यांचे पाइपवाले मित्र देशकर काका हसले. बाबांना तरी कुठं धीर होता, रोज झाकण उघडून वास घ्यायचे. शेवटी आईनं झाकणाभोवती मेण ओतलं, लोणच्याच्या बरणीसारखं फडकं बांधलं आणि बरणी तांदळाच्या कोठीत खोल पुरली.

"रिटायर होईपर्यंत हात लावाचा नाही," ती म्हणाली.

सात वर्षांनी, बाबा रिटायर झाले त्या दुपारी, तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात, तिनं ती तांदळातून वर काढली. तंबाखू काळीभोर आणि मऊ होती. काकांनी पाइप शेवटपर्यंत ओढला आणि रिकामा करून पुन्हा भरायला पुढं केला. बाबा जिंकले म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

आईला धूर सोसायचा नाही. तिनं चिमूटभर तंबाखू नाकाशी नेली. "बरी मुरली आहे," म्हणाली आणि फडकं पुन्हा बांधू लागली.

"आता काहून?" बाबा म्हणाले.

"उरलेली पंचाहत्तरीले."

तेव्हा मी टाळ्या चुकीच्या माणसासाठी वाजवल्या. बाबांच्या पंचाहत्तरीलाही बरणी तिनंच काढली.