मुक्ताईचं मुडपलेलं कोपर

मुक्ताईला म्हशीनं उडवलं त्या सकाळी देव काही योजतोय असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मुक्ताई तर शेणात आडवी पडून म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

कात्रजच्या वरच्या अंगाला, जिथं तेव्हा सोसायट्यांचे पाये नुकते खणायला लागले होते, तिथं तिचं घर. डावा हात कोपरात मोडला. नवरा हिंमतराव, त्यांनी तिला दवाखान्याऐवजी ओळखीच्या हाडवैद्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात असा आवळला आणि इतका काळ बांधून ठेवला, की कामट्या सुटल्या तरी हात काही सुटला नाही. कोपर अर्धवट मुडपलेलंच राहिलं, कायम कुणाला तरी चहाची बशी पुढं करत असल्यासारखं.

त्या हातानं ती भाकरीसुद्धा थापायला शिकली. अडलं एकाच जागी. जन्मभर नऊवारी नेसणारी बाई, आणि मागं कासोटा खोचायला दुसरा हात पोचेना. मग रोज सकाळी हिंमतरावांना हाक. ते डोळे मिटून, "रामकृष्णहरी" म्हणत खोचायचे आणि भलतीकडंच खोचायचे. एकदा भर मंडईत, वांगी निवडताना कासोटा सुटला. मुक्ताई वांगी तिथंच टाकून घरी आली. ब्लाउज शिवायचं जुनं मशीन पुढं ओढलं, चांगल्या धडधाकट लुगड्याला कातर लावली, निऱ्या आणि कासोटा जागच्या जागी शिवून टाकला, कमरेला नाडी ओवली. दुसऱ्या दिवशी पायजम्यासारखं ते चढवून अंगणात येऊन उभी.

"ह्ये काय सोंग काढलंयस?" हिंमतराव म्हणाले.

"तुमची सुटका केली," मुक्ताई म्हणाली.

पुढं घरावर माडी चढली आणि माडीवरच्या खोलीत उल्का राहायला आली. यवतमाळची पोरगी, हिंजवडीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर. एका संध्याकाळी ती रडकुंडीला येऊन खाली उतरली.

"काकू, उद्या ऑफिसात ट्रॅडिशनल डे आहे. सगळ्या जणी नऊवारीत येणार आन् मले तं साधी साडीबी नेसता येत नाही. पूर्ण टीमसमोर पोपट होईल ना!"

"पायजमा घालता येतो का?"

"हो, म्हणजे काय!"

"मग झालं तर."

उल्का परत आली ती बक्षीस घेऊन आणि ऑफिसच्या आख्ख्या मजल्यावरच्या पोरींची मापं घेऊन. दसऱ्यापर्यंत मुक्ताईला मान वर करायला फुरसत राहिली नाही. वर्षभरात गोठ्यात म्हशींच्या जागी शिलाई मशिनी आल्या.

आणि ओसरीवर हिंमतरावांचं आख्यान सुरू झालं. माप द्यायला आलेली कुठलीही बाई त्यातून सुटायची नाही. "ताई, म्हस नुसती निमित्त हो. त्यो वर बसलेला करवून घेतो. हात मोडला नसता तर आज ह्ये दिसलंच नसतं." ऐकता ऐकता बायकांचे डोळे भरून यायचे. काहीजणी तर लेकीचा शालू पुढं करून म्हणायच्या, "मावशी, तुमचा तो हात तेवढा लागू द्या." मुक्ताई हात लावायची आणि आत जाऊन पदर तोंडात धरून हसायची.

एका सुट्टीच्या दिवशी उल्का तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, मग नेटानं व्यायाम करावा लागेल. हात पुष्कळसा मोकळा होईल.

हिंमतरावांचं तोंड उतरलं. "आन् हात सरळ झाल्यावर सगळा धंदाच बसला तर? देवानं कायतरी योजूनच..."

"अवो, म्हशीच्या कानात गोमाशी शिरली हुती. मी हुते की तिथं! तिला काय ठावं, हिंजवडीत कंपन्या येनार हायेत? आन् देवाला धंदाच काढून द्यायचा हुता तर कुनाच्या तोंडी निरोप धाडायचा. कोपर कशापायी मोडायचं? लुगडं मी फाडलं, शिवलं मी, आन् नाव म्हशीचं!"

"पर भलं झालं का न्हाई आपलं?"

"झालं की. लई भलं झालं. म्हनून दुखलं न्हाई, असं हुतं व्हय?" तिनं मुडपलेला हात पुढं केला. "मला फुगडी घालायचीय. हात ताठ लागत्यात तिला. इतकी वर्सं पंचमीला मी भिंतीला टेकून टाळ्या वाजवतीय."

हिंमतरावांना हे नवीनच होतं. ते टोपी काढून टोपीतच बघत बसले. मुक्ताईला मात्र जुनंच काहीतरी माहीत होतं. सगळं देवानं योजलं, असं म्हटलं की हाडवैद्याचा रस्ता कुणी दाखवला, हे विचारायची गरज उरत नाही. ती त्यांच्याजवळ सरकली.

"तुमी चांगल्या मनानंच नेलंत मला. त्ये मी कवाच सोडून दिलंय. आता तुमी देवाला सोडा. त्याला दुसरी कामं असत्याल."

हिंमतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग उठले आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला स्वतः गेले.

व्यायामाच्या दिवसांत मुक्ताईनं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्याही सात पिढ्या काढल्या. हात सुटला. थोडा बाक राहिला, पण सुटला. धंद्याला मात्र काही झालं नाही. पोरींना नऊवारी हवी होती, कोपराचं त्यांना काय?

पंचमीला अंगणात बायका जमल्या. पहिली फुगडी उल्काबरोबर. जीन्सवाली उल्का चार गिरक्यांतच "काकू, बस, मेले!" म्हणत खाली बसली. मुक्ताईचा दम अजून शाबूत. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि ओसरीवरच्या हिंमतरावांना मनगट धरून ओढलं.

"अगं, लोक काय म्हनतील! बायकांचा ख्येळ हाय!"

"पाय जुळवा."

"पडलो म्हंजे?"

"पडा की. ह्या बारीला मी न्हेते तुमाला, नीट दवाखान्यात."

बायका खिदळल्या. हिंमतरावांनी दोन्ही हात दिले. मुक्ताई मागं झुकली, दोन्ही हात लांब सोडून, सगळं वजन त्यांच्यावर टाकून. पहिल्याच गिरकीला त्यांची टोपी उडाली. ती उचलायला कुणी गेलं नाही, कारण सगळ्याजणी ओरडत होत्या, "आणखी! आणखी!", आणि त्यांत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे होते हिंमतराव.