जीरावनची चिमटी

आमच्या हॉस्पिटलात प्लास्टर घालणारे काका सकाळचे पोहे कधी एकटे खात नाहीत. कोपर मोडलेलं लेकरू आलं, की प्लेट त्याच्या दुखऱ्या हाताजवळ नेतात. “बेटा, याच हाताने जरा जीरावन टाक ना.” मग मसाल्याची ती चिमटी टक लावून बघतात. मी तिथे एक्स-रे काढते. मला वाटायचं, लाड चाललेत.

एकदा लालबागच्या मेळ्यात पाळण्यावरून पडून कोपर मोडलेली मुलगी आली. तिच्या अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं टोक वाकेचना, मसाला निसटून गेला. नवे डॉक्टर घाईत होते. काका आडवे आले. “सरजी, नस दुखावलीये. पहले देख लो, प्लास्टर कुठे पळून जातंय?”

डॉक्टरांनी बोटं तपासली आणि तिला ऑपरेशनला घेतलं.

तीन महिन्यांनी तिने चांगली भरगच्च चिमटी टाकली. काकांना तिखट अजिबात सोसत नाही, तरी त्यांनी प्लेट चाटूनपुसून संपवली. “क्या बात है!”

आता त्या डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात जीरावनची पुडी असते. ही तपासणी कुठल्या कॉलेजात शिकवतात, असं कोणी विचारलं, की मी प्लास्टरच्या खोलीकडे बोट दाखवते.