दोन बोटं उंच खुर्ची

करवतमामा ज्या पेढीत होते, ती परदेशी कारखान्यांतून लाकडी फर्निचर मागवायची. माल पसंत करायचं काम मामांचं. त्यांना हे नाव भाच्यांनी ठेवलं होतं आणि ते अगदी रास्त होतं. नमुन्याची खुर्ची आली की मामा ती महिनाभर घरी वापरत आणि मग करवतीने तिचे सांधे उभे कापत. आत लाकूड लाकडात नीट बसवलंय की नुसत्या सरसावर भागवलंय, हे दुसऱ्या कशाने कळणार? मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे खुर्चीचा जीव महिनाभराचा."

यंदा मात्र पंचाईत झाली. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातल्या म्हाताऱ्या सुताराने पाठवलेली सागवानी खुर्ची मापापेक्षा दोन बोटं उंच निघाली. साफ चूक होती. पण गुडघ्यांनी जेरीस आलेल्या मामी त्या खुर्चीत बसल्या आणि कुणाचा हात न धरता उठल्या. खरं वाटेना म्हणून पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

महिना भरला. मामा करवत घेऊन आले, तर मामी खुर्चीत.

"ऊठ गं."

"नाही उठत, जा."

"अगं, दोनशे खुर्च्या मागवायच्यात. लोक बसणार त्यांवर."

"मग मी काय ओंडका आहे?"

मामांना फार वाईट वाटलं. न कापता पसंतीची सही ठोकली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण आत पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर सही केली नव्हती. दोन दिवस करवत भिंतीला टेकून राहिली.

तिसऱ्या दिवशी मामी आपणहून उठल्या. "कापा एकदाची. उगाच कुणाची म्हातारी पडायला नको," म्हणाल्या आणि मागे न बघता स्वयंपाकघरात गेल्या.

सांधे आतूनही देखणे होते. मामांनी सुताराला अहवाल पाठवला. दोषाच्या रकान्यात लिहिलं, "उंची दोन बोटं जास्त. दोनशे खुर्च्यांत सुधारावी." पेन जरा थबकलं. मग खाली भर घातली, "माझी बायको मात्र याच उंचीवरून हात न धरता उठत होती. नाइलाजाने कापली."

चार महिन्यांनी कंटेनर उघडला. दोनशे खुर्च्या, सगळ्या मापात. कोपऱ्यात एक वेगळं खोकं होतं. त्यात दोनशे एकावी, दोन बोटं उंच. बैठकीखाली खडूने करवत काढलेली आणि तिच्यावर ठसठशीत फुली.

घरी मामींनी ती फुली दोनदा पाहिली, डोळे पुसले आणि ऐसपैस बसल्या.

"आता आणा तुमची करवत," त्या म्हणाल्या.